ख्वाजा युसूफचा घोडा

बिदर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास सांगायचा म्हटलं, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या अमेरिकन मेथडिस्ट मिशनपासून सुरुवात होते. मग शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिरं असा सगळा गंभीर आणि आदरणीय मजकूर ओघानेच येतो. पण त्याच्या चारशे वर्षं आधी बिदर शहरात एक ख्रिस्ती माणूस राहून गेला होता, आणि त्याच्याबद्दल गंभीर राहणं जरा अवघड आहे. तो धर्म सांगायला आला नव्हता. घोडा विकायला आला होता. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा हा व्यापारी, नाव अफनासी निकितिन. अस्त्राखानजवळ लुटला गेला, इराण ओलांडून होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला पोचला आणि १४७०च्या आगेमागे बहमनींच्या राजधानीत दाखल झाला. इथे त्याने ‘ख्वाजा युसूफ खोरासानी’ असं नाव घेतलं होतं. आपल्या वहीत त्याने ही दोन्ही नावं नोंदवून ठेवली आहेत, आणि ज्या ओळींत ती शेजारी-शेजारी बसली आहेत, त्या ओळी मला या सीमाभागाच्या इतिहासातल्या फार मोलाच्या वाटतात.

आधी त्या वहीची थोडी ओळख. तिला पुढे ‘तीन समुद्रांपलीकडची यात्रा’ असं नाव पडलं. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक प्रोनिन यांनी तिच्यावरून ‘परदेसी’ नावाचा सिनेमा काढला, त्यात निकितिनला नर्गिस भेटते. वहीत त्याचा जीव अडकलाय तो मात्र घोड्यात. भारतात घोडे पैदा होत नाहीत, तिकडे घोड्याला सोन्याचा भाव येतो, असं ऐकून त्याने एक घोडा जहाजावर चढवला. पुढे त्या घोड्याला वर्षभर पोसता पोसता तो मेटाकुटीला आला. इथे घोड्यांना हरभरे घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून खाऊ घालतात, हे त्याने ज्या बारकाईने लिहून ठेवलंय, त्यात अचंब्यापेक्षा खर्चाची चिंता जास्त आहे. आमच्या देशाला लागणारा माल इथे रग्गड मिळेल असं सांगणारे लोक खोटारडे निघाले, म्हणून त्याने त्यांना कुत्री म्हटलं आहे. बिदरच्या रस्त्यांवरून दोन-दोन वाव लांबीचे साप फिरतात, हेही त्याने नोंदवलंय. कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद तेव्हा शेख अलाउद्दीनच्या उरुसाच्या मोठ्या बाजारासाठी नावाजलेलं होतं. वर्षातून एकदा दहा दिवस भरणाऱ्या त्या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असा त्याचा आकडा आहे. त्याच आळंदमध्ये रात्री ओरडणारा एक पक्षी ज्या घरावर बसतो तिथे माणूस मरतो, आणि त्याला मारायला गेलं तर त्याच्या चोचीतून आग निघते, ही माहितीही त्याने त्याच भक्तिभावाने टिपली आहे. थोडक्यात, कुणी काही सांगितलं की पुढे ढकलायचं, ही सवय आजच्या मोबाइलवाल्यांचीच आहे असं नाही.

तर आता त्या ओळी. बिदरला आल्यावर त्याची पुष्कळ हिंदू लोकांशी ओळख झाली. त्यांना त्याने सांगून टाकलं, की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. माझं नाव अफनासी, ख्वाजा युसूफ हे वरचं नाव. आणि मग, तो म्हणतो, हे लोक माझ्यापासून काही लपवेनासे झाले. खाणंपिणं, व्यवहार, पूजाअर्चा, घरातली बायकामाणसं, कशाचाच आडपडदा राहिला नाही. हे वाक्य किती मोठं आहे हे कळायला त्याचंच दुसरं निरीक्षण शेजारी ठेवावं लागतं. हिंदू एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत, परक्याची नजर भांड्यात पडली तर ते अन्न टाकतात, काही जण तर जेवताना अंगावरून कापड ओढून घेतात, असं त्याने लिहिलं आहे. अशा घरांतल्या माणसांनी गोमांस खाणाऱ्या मुलखातल्या एका गोऱ्या माणसापुढे भांड्यावरचं झाकण काढलं. पुढे तो त्यांच्याबरोबर महिनाभराची वाट चालून श्रीशैलच्या जत्रेलाही गेला आणि तिथल्या शिवाच्या मूर्तीचा उचललेला हात पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन बादशहाचा पुतळा आठवला.

माणूस सोंग घेऊन येतो, सोंग आहे हे सांगतो, आणि सांगितल्यावर मैत्री होते. आपल्या भाषेत सोंग आणि ढोंग हे दोन शब्द यमकात बसतात म्हणून आपण ते एका दमात म्हणतो, पण त्यांच्यात बरंच अंतर आहे. ढोंग उघडं पडतं. सोंग उतरवता येतं. बहुरूपी दारात पोलीस होऊन येतो तेव्हा घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की हा पोलीस नव्हे, आणि म्हणूनच त्याच्या दरडावणीचं हसू येतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की भाषा, धर्म आणि राज्यं एकमेकांत घुसलेल्या या मुलखात सोंग ही मैत्रीची एक जुनी रीत होती. आणि ज्या दिवशी तिचं हसू थांबलं, त्या दिवशी माणसं मेली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. निकितिन व्यापारी होता, जिवाला आणि गल्ल्याला जपत होता. त्याच्या नाव बदलण्यात मैत्रीबित्री कसली शोधता? आक्षेपात तथ्य आहे. जुन्नरच्या असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता. मुसलमान हो, म्हणजे घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही बसेल, अशी चार दिवसांची मुदत होती. खोरासानचा एक ख्वाजा महंमद मध्ये पडला, त्याने रदबदली केली आणि घोडा सुटला. निकितिनने याचं श्रेय ख्रिस्ताच्या सणाला दिलं, पण घोडा सोडवून आणला तो एका मुसलमानाने. आणि निकितिनने स्वतःला लावलेलं बिरुदही ‘खोरासानी’! काही अभ्यासक तर म्हणतात, की शेवटी त्याने खरोखरच धर्म बदलला असावा. म्हणजे सोंग अंगात भिनलं. मला तसं वाटत नाही. धर्म बदललेला माणूस ईस्टर हुकल्याचं दुःख पानोपानी करत नाही. त्याची धर्मपुस्तकं अस्त्राखानजवळच्या लुटीतच गेली होती, त्यामुळे उपास कधी धरायचा आणि सण कधी करायचा हे त्याला कळेना. मग त्याने अंदाज बांधला, की मुसलमानांच्या ईदेच्या आधी नऊ-दहा दिवस आपला ईस्टर येत असावा. आम्हा ख्रिस्ती लोकांत प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस ठरवण्यावरून शतकानुशतकं पोथीपंडितांची भांडणं झाली. पण मुसलमान शेजाऱ्याच्या चंद्रावरून आपला सण मोजणारा हा विरळाच. शिवाय हा बुरखा पक्का नव्हताच. असद खान, ख्वाजा महंमद, बिदरचे हिंदू, ज्याला म्हणून त्याच्याशी चार शब्द बोलायला मिळाले, त्याला तो कोण ते कळत होतं.

बिदर दरबाराशी जोडलेलं मराठीतलं सगळ्यात लाडकं सोंग मात्र माणसाचं नाही, देवाचं आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांना खुलं केलं, चुगली बिदरच्या बादशहापर्यंत पोचली, पंतांना धरून आणायचा हुकूम सुटला, आणि पंत वाटेत असतानाच विठोबा महाराच्या वेशात, विठू म्हणून, दरबारात हजर झाला. त्याने सगळ्या धान्याची किंमत रोख मोजून दिली आणि पावती घेतली. महिपतीने १७६२च्या ‘भक्तविजया’त ही कथा घरोघर पोचवली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. इथे देवाने नेमकं तेच आणलं! कीर्तनात हा प्रसंग रंगतो याचं कारण असं, की समोर बसलेल्या प्रत्येकाला काठी-घोंगडीतला हा गडी कोण ते माहीत असतं. माहीत नसतं फक्त बादशहाला. आणि तो खलनायक नाही. त्या गड्याला पाहून तो वेडावतो, पंत आल्यावर ‘तुझा तो विठू मला पुन्हा दाखव’ म्हणतो. पंत हिंदू, बादशहा मुसलमान, दोघांच्या मध्ये एक पावती, आणि दोघेही एकाच गड्याच्या शोधात. याहून सुरेख गैरसमजाची गोष्ट आमच्या नाटककारांना सुचलेली नाही.

ही कथा आहे, इतिहास नव्हे, हा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. लोकांनी कुठली कथा तीनशे वर्षं हसत ऐकली हाही इतिहासच आहे. दुसरा आक्षेप जड आहे. ज्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत, त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखामेळा गाडला गेला, असं परंपरा सांगते. तिथे महाराचा वेश घेऊन भिंत सावरायला कुणी आलं नाही. देवाला महार होता येत होतं; महाराला मात्र दुसरं कुठलंच सोंग घ्यायची मुभा नव्हती. गंमत ज्याच्या खर्चाने होते त्याला विचारल्याशिवाय ती गंमत धरू नये, हे खरंच. बिदर-कलबुर्गीकडच्या ज्या वाड्या-वस्त्यांतून पुढे मेथडिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या बहुतेक याच मुभा नसलेल्या लोकांच्या होत्या. म्हणून सोंगाची महती सांगताना एक अट घालावी लागते. सोंग घेणाऱ्याने आपलं काही पणाला लावलेलं असलं पाहिजे. निकितिनने घोडा आणि जीव पणाला लावला होता. विठोबाने काय लावलं होतं, हे वारकऱ्यांनी ठरवावं.

पैठणच्या एकनाथांनी ही अट जाणली होती असं मला वाटतं. १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ धरतात, म्हणजे बिदरची सद्दी मावळल्यानंतरचा. भारुडांत ते जोशी, वासुदेव, गोंधळी, महार होतात, पण ‘हिंदू-तुर्क संवादा’त त्यांनी कमाल केली आहे. एक हिंदू, एक तुर्क. तुर्काच्या तोंडी दख्खनी, हिंदूच्या तोंडी मराठी. दोघे एकमेकांच्या देवाधर्माची, विधींची, सोवळ्याओवळ्याची यथेच्छ टर उडवतात. आज हे कुणी जाहीर व्यासपीठावर म्हणून दाखवलं तर दोन्हीकडून तक्रारी दाखल होतील. पण बारकाईने पाहिलं तर दोघेही समोरच्याची पोथी वाचून आलेले आहेत. शेजाऱ्याच्या देवाची नेमकी चेष्टा करायची तर आधी त्याच्या देवाची माहिती लागते. अडाण्याला नुसती शिवी देता येते. आणि शेवटी दोघे गळ्यात गळा घालतात. इथे ब्राह्मण एकनाथांनी स्वतःच्या घरावर जेवढे दगड मारून घेतलेत तेवढेच तुर्काच्या घरावर मारले आहेत, म्हणून ते हसू टिकलं.

बिदरच्या चौबाऱ्याजवळ बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा अजून उभा आहे. १४७२च्या सुमाराचा, म्हणजे निकितिनच्याच दिवसांतला. निकितिन या वजिराला त्याच्या ‘मलिक-उत-तुज्जार’ या किताबाने ओळखतो. गवान स्वतः गिलानहून आलेला, मूळचा व्यापारी, आणि पत्रलेखनाचा केवढा शौकीन! पत्र कसं लिहावं यावर त्याने ‘मनाझिर-उल-इन्शा’ हा ग्रंथ लिहिला, त्याच्या पत्रांचा संग्रह ‘रियाझ-उल-इन्शा’ प्रसिद्ध आहे. हेरातच्या जामी या कवीशी, थेट ऑटोमन सुलतानाशी त्याचा पत्रव्यवहार होता. जामी कधी बिदरला आला नाही. तरी कागदावरची ही मैत्री टिकून होती. तेव्हा, माणूस डोळ्यांसमोर नसेल तर मैत्री खोटी, असं जे आजकाल पडद्यावरच्या ओळखींबद्दल बोललं जातं, त्याला बिदरच्या या म्हाताऱ्याचा दाखला पुरे आहे.

आणि उलट दाखलाही त्याचाच. गवानच्या वैऱ्यांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, आणि त्यावर ओडिशाच्या राजाला फितुरीचं निमंत्रण देणारं पत्र लिहिलं. ५ एप्रिल १४८१ रोजी मोहिमेवर असलेल्या तिसऱ्या महंमद शहाने ते पत्र त्याच्यापुढे टाकलं. शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही, असं त्याने सांगितलं, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. नशेतल्या सुलतानाने पुढचं ऐकलं नाही. सत्तरीच्या घरातल्या वजिराचं डोकं उडवलं गेलं. वर्षभरात पश्चात्तापाने पोळलेला सुलतान मेला आणि त्यामागून बहमनी राज्यही विस्कटत गेलं. आयुष्यभर खरी पत्रं लिहिणारा माणूस एका खोट्या पत्राने गेला.

इथे माझी सोंग-ढोंगाची वाटणी अपुरी पडते. गवानने ना सोंग घेतलं ना ढोंग केलं. त्याच्या अंगावर दुसऱ्यांनी फितुराचा वेश चढवला. याला मराठीत शब्द आहे आळ. आणि मी मघाशी म्हटलं की बघणाऱ्याला ठाऊक असलं म्हणजे सोंग हसरं होतं, तेही तपासून पाहिलं पाहिजे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९०मध्ये ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ केलं आणि १८९३मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. याच फाल्गुनरावाचं १९१६ साली ‘संशयकल्लोळ’ झालं. मोलिएरचं प्रहसन इंग्रजी वाटेने मराठीत आलं ते असं. तिकडे एका रुमालावरून संशय, इकडे एका तसबिरीवरून. दोन्हीकडे प्रेक्षकांना खरं काय ते पहिल्यापासून माहीत आहे. म्हणजे प्रेक्षकांच्या माहितीने काहीच ठरत नाही. मग एका नाटकात बायको मरते आणि दुसऱ्यात सगळे हसत घरी जातात, ते कशाने? फाल्गुनराव भांडतो, कुढतो, चारचौघांत अपमान करून घेतो, पण दर वेळी जाऊन विचारतो तरी. तसबीर कुणाची, तुझ्याकडे कशी, तू तिथे काय करत होतास, अशी त्याची सरबत्ती चालूच असते. त्याचा मूर्खपणा बोलका आहे. झुंझारराव उत्तर ऐकून घेत नाही, शिक्षा आधी देतो. प्रहसनाला शेवटचा अंक मिळतो, ज्यात सगळी मंडळी एका जागी जमतात आणि उलगडा होतो. निकितिनला बिदरात चार महिने मिळाले. गवानला एक वाक्य मिळालं.

१३ जुलै २०१८ रोजी बिदर जिल्ह्यातल्या औराद भागात हैदराबादहून फिरायला आलेल्या काही मित्रांना तेवढंही मिळालं नाही. त्यांतला एक जण कतारहून आलेला होता. वाटेत थांबून त्यांनी शाळेतल्या पोरांना चॉकलेटं वाटली. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा गावकऱ्यांना संशय आला. ते गाडी घेऊन निघाले, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून निरोप त्यांच्या आधी मुरकी गावाजवळ पोचला होता. रस्ता अडवला गेला, गाडी उलटली, जमाव तुटून पडला. एक तरुण जागीच गेला. बाकीच्यांना पोलिसांनी स्वतः मार खाऊन वाचवलं. यांपैकी कुणी वेशांतर केलं नव्हतं, नाव बदललं नव्हतं. पाचशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात खोटं नाव घेतलेला परका माणूस खरं सांगू शकला, आणि खऱ्या नावाने आलेल्या परक्यांना सांगायला कुणी वेळ दिला नाही. ज्यांनी मारलं ते सगळे राक्षस होते असं मला वाटत नाही. त्यांनाही आपल्या पोरांची काळजी होती. पण काळजी आणि चौकशी यांच्यात जेवढा वेळ जायला हवा, तेवढा त्या निरोपाने शिल्लक ठेवला नव्हता.

यावरून समाजमाध्यमांवरच्या टोपणनावांवर बंदी घाला, प्रत्येकाला खरं नाव लावायला भाग पाडा, असा जो उपाय सुचवला जातो तो मला उलटा वाटतो. नुसत्या टोपणनावाने कुणाचं वाईट होत नाही. मराठी कविता तर केशवसुत, बी, कुसुमाग्रज अशा टोपणनावांवर पोसली गेली. परक्या गावात, बलवत्तरांच्या राज्यात, दुबळ्याला कधीकधी युसूफ व्हावंच लागतं, आणि ज्यांना आपलं आडनाव सांगितलं की दार बंद होतं हे माहीत आहे त्यांच्यासाठी बिननावाचा पडदा हीच पहिली मोकळी जागा असते. गवानला मारलं ते टोपणनावाने नव्हे. त्या कागदावर खरं नाव आणि खरा शिक्का होता. मुरकीच्या निरोपात माणसंही खरीच होती. खोटी होती ती त्यांच्यावर डकवलेली ओळख.

राहिला निकितिन. घोडा त्याने बिदरात नाताळच्या सुमारास विकला. त्यातून फारसं हाती लागलं असं वहीवरून दिसत नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ तो वारला, त्वेरला पोचलाच नाही. वही मात्र १४७५ साली मॉस्कोत एका सरकारी कारकुनाच्या हाती आली आणि पुढे इतिवृत्तात नकलून ठेवली गेली. तिचं शेवटचं पान रशियन नाही. लिपी रशियन, भाषा अरबी, फारसी आणि तुर्कीची खिचडी, घोड्यांना घालतात तशी. बिस्मिल्लापासून सुरू होणारी ती एका ख्रिस्ती माणसाची प्रार्थना आहे, आणि तिच्यात तो आपल्या प्रभूला सलाम करतो तो बिदरच्या बाजारात ऐकलेल्या नावाने: ईसा रूहुल्ला.